पावनखिंडीला चालत जाणाऱ्या तालमींना खुले पत्र

प्रति,
कोल्हापुरातील सर्व तालमी व तरुण मंडळांचे पदाधिकारी आणि कार्यकर्ते यांस,

सप्रेम नमस्कार.

थोड्याच दिवसांत पन्हाळा ते पावनखिंड मोहिमा निघतील आणि त्यांच्या पाठोपाठ तुमच्या गणेशोत्सवाच्या बैठका सुरू होतील. पावतीपुस्तके छापून येतील, मूर्ती कुणाकडे सांगायची यावर कट्ट्यावर वाद रंगतील आणि यंदा देखावा कशाचा, हा प्रश्न निघेल. बऱ्याच मंडळांत उत्तर ठरलेले असते: ऐतिहासिक सजीव देखावा. या दोन्ही गोष्टी व्हायच्या आधी हे पत्र तुमच्या हाती पडावे, अशी माझी इच्छा आहे.

विषय राष्ट्रवादाचा आहे. दिल्ली-मुंबईतल्या कुणाला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे, कारण कोल्हापुरात एका हाकेवर माणसे उभी करायची ताकद कुठल्या सरकारी कचेरीत नाही, ती तुमच्याकडे आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात या शहराने ती पाहिली. पंचगंगेचे पाणी घरांत शिरले तेव्हा तालमीची पोरे छातीभर पाण्यात उतरली आणि कुणाला खांद्यावर घ्यायचे हे आडनाव विचारून कुणी ठरवले नाही. ७ जून २०२३ ला याच शहरात वेगळी गर्दी जमली. काही मुलांनी मोबाइलवर ठेवलेल्या आक्षेपार्ह स्टेटसच्या निषेधाला बंदची हाक होती. शिवाजी चौकात तरुण गोळा झाले, दगडफेक झाली, लाठीमार झाला, अश्रुधूर सोडावा लागला, इंटरनेट बंद पडले. स्टेटस ठेवणारे मूठभर होते. त्याची झळ मात्र त्यांचे नावही ठाऊक नसलेल्या माणसांच्या दुकानांना आणि घरांना बसली.

पुढच्या वर्षी, १४ जुलै २०२४ ला, विशाळगडावरच्या अतिक्रमणाविरुद्धच्या आंदोलनाच्या वेळी एका जमावाने गजापुरात मुसलमानांची घरे आणि मशीद फोडली. वाद गडावरच्या बांधकामांचा होता आणि संसार उघड्यावर आले ते खालच्या गावातल्या लोकांचे.

या दोन्ही जमावांत कोण होते ते शोधणे पोलिसांचे आणि न्यायालयाचे काम आहे. मी तुमच्याकडे बोट दाखवत नाही. मला बोलायचे आहे ते त्या जमावांच्या तोंडी असलेल्या इतिहासाबद्दल. तो इतिहास तुमच्या देखाव्यांतून, पोवाड्यांतून आणि पावनखिंडीच्या वाटेवरच्या घोषणांतून गावभर पोचतो, म्हणून तुमच्याशीच बोलायला हवे.

गजापूर तुम्हाला नवे नाही. बाजीप्रभूंनी लढवली ती खिंड गजापूरचीच. दर जुलैला तुम्ही पन्हाळ्यावरून निघता, मसाई पठारावर धुके आणि आडवा पाऊस अंगावर घेता, चिखलात रुतलेला बूट उपसत पुढे जाता आणि खिंडीत पोचल्यावर ओल्या अंगाने उभे राहून गारद देता. तुमच्यातल्या अनेकांना मी शाळेत इतिहास शिकवला आहे आणि खिंडीतून आल्यावर पायांना आलेले फोड दाखवायला घरी आलेली पोरेही मला आठवतात. त्या श्रद्धेबद्दल माझ्या मनात आदरच आहे. म्हणूनच १६६० च्या त्या पावसाळ्याची गोष्ट अर्धी सांगितली जाते याचे मला फार वाईट वाटते.

पन्हाळ्याला वेढा घालून बसलेला सिद्दी जौहर आपल्या प्रत्येक देखाव्यात असतो. पण तो वेढा बाहेरून फोडायला नेताजी पालकर आले तेव्हा त्यांच्यासोबत महाराजांच्या बाजूने सिद्दी हिलाल लढत होता आणि त्याचा तरणाताठा मुलगा सिद्दी वाहवाह त्याच लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती पडला. हा बापलेक तुम्ही कुठल्या देखाव्यात पाहिला आहे का? महाराजांचा वेश घेऊन शत्रूच्या छावणीत मरणाला सामोरे गेलेले शिवा काशीद न्हावी समाजातले. खिंडीत पडलेले बहुतेक बांदलांचे मावळे. आणि महाराज विशाळगडाच्या पायथ्याशी पोचले तेव्हा तिथे वाट अडवून कोण बसले होते? शृंगारपूरचे सूर्यराव सुर्वे आणि पालवणचे जसवंतराव दळवी, आदिलशाहीचे सरदार. दोघेही मराठे. रात्रभर दमलेल्या माणसांना घेऊन महाराजांना गडावर जाण्यासाठी त्यांची फळी कापावी लागली. बाजीप्रभू ज्या तोफेच्या आवाजाची वाट पाहत होते, तो आवाज यायला उशीर होण्यात आपल्याच माणसांच्या त्या वेढ्याचाही हात होता.

म्हणजे सिद्दी इकडे आणि सुर्वे, दळवी तिकडे. पुढेही तेच दिसते. पायदळाचा पहिला सरनोबत नूरखान बेग, आरमारावर दौलतखान, पत्रव्यवहारात काझी हैदर. त्या काळी माणूस धन्यासाठी, वतनासाठी, दिल्या शब्दासाठी, खाल्ल्या मिठासाठी लढे. महाराजांचे मोठेपण असे की, या वतनाच्या चिखलातून त्यांनी रयतेच्या राज्याची कल्पना वर काढली. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका असे आपल्या लष्कराला बजावणारा राजा होता तो. स्वराज्य किती अवघड होते आणि ते कुणाकुणाच्या जिवावर उभे राहिले, हे पुरी गोष्ट ऐकल्याशिवाय कळतच नाही.

मग धर्मावरून, भाषेवरून, रक्तावरून माणसांची सरळ दोन ढिगांत वाटणी करायची, एका ढिगाला राष्ट्र म्हणायचे आणि दुसऱ्याला परके, ही रीत आली कुठून? ती हजारो वर्षांची असल्यासारखी बोलली जाते. प्रत्यक्षात ती सव्वादोनशे वर्षांच्या आसपासची आहे आणि तिचा जन्म युरोपात झाला. शाळेत हा भाग पाच मार्कांच्या टिपेत उरकतो, म्हणून इथे जरा सविस्तर सांगते.

फ्रान्सचा शेतकरी १७८९ पर्यंत राजाची प्रजा होता. राज्यक्रांतीनंतर मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात लिहिले गेले की सार्वभौम सत्तेचा उगम राष्ट्रात आहे. राजवाड्यातली सत्ता रस्त्यावरच्या माणसाच्या हाती आली. राष्ट्रवादाचा हा जन्म उजळ आहे आणि तो मी कधीच नाकारणार नाही. आपल्या स्वातंत्र्यलढ्यालाही बळ मिळाले ते याच विचारातून. २० सप्टेंबर १७९२ ला व्हाल्मीच्या मैदानावर फ्रेंच सैनिकांनी राजाच्या नावाऐवजी राष्ट्राच्या नावाने जयघोष केला. पण हक्कामागोमाग देणेही आले. ऑगस्ट १७९३ चा लष्करभरतीचा हुकूम वाचून पाहा. तरुणांनी लढायला जावे, लग्न झालेल्यांनी हत्यारे घडवावीत, बायकांनी तंबू शिवावेत, मुलांनी जुन्या कापडाच्या चिंध्या सोडून जखमांसाठी पट्ट्या कराव्यात आणि म्हाताऱ्यांनी चौकात बसून लढणाऱ्यांना चेव आणावा. तोवर लढाई राजाची असे, शेतकरी तिच्यापासून जमेल तितका लांब पळे. आता ती प्रत्येक घराची झाली आणि चौकात बसलेल्या म्हाताऱ्यालाही द्वेष पेरायचे काम मिळाले.

लगेच पुढचा प्रश्न उभा राहिला. हे राष्ट्र म्हणजे नेमके कोण? १७९४ मध्ये ग्रेग्वार या लोकप्रतिनिधीने अहवाल दिला, त्यात अडीच कोटींहून मोठ्या देशात नीट फ्रेंच बोलणारे जेमतेम तीस लाख निघाले. उरलेल्यांच्या बोली नष्ट कराव्यात, असा त्याचा निष्कर्ष होता. ब्रिटनी प्रांतातल्या शाळांत तो पुढे कसा अमलात आला, ते मला शिक्षिका म्हणून विसरता येत नाही. घरची ब्रेटन भाषा बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी बूट अडकवत. तो उतरवायचा मार्ग एकच होता, दुसऱ्या कुणाला तरी ब्रेटन बोलताना पकडून द्यायचे. मग तो बूट त्याच्या गळ्यात. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात असेल त्याला शिक्षा. गुरुजींना दिवसभर काही करावे लागत नसे. एका बाकावरची पोरेच एकमेकांच्या तोंडाकडे कान लावून बसत. शेजारच्या मुलाच्या स्टेटसचा स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकायची आपल्याकडची नवी सवय पाहिली की मला तो बूट आठवतो.

फ्रेंचांनी निदान कागदावर तरी, जो या कायद्याखाली राहील तो आपला, असे म्हटले. जर्मनीत वेगळी वाट फुटली. १८०६ मध्ये येना येथे नेपोलियनने प्रशियाचा पुरता पाडाव केला आणि पुढच्या वर्षीच्या, १८०७-०८ च्या हिवाळ्यात, फ्रेंच फौजांच्या ताब्यातल्या बर्लिनमध्ये, फिख्टे या तत्त्वज्ञाने जर्मन राष्ट्राला उद्देशून व्याख्याने दिली. हरलेल्या माणसांना ताठ उभे करणे हा त्याचा हेतू होता. पण त्यातून पुढे वाढत गेलेली कल्पना अशी की, राष्ट्र हे भाषेने, वंशाने आणि पूर्वजांनी आधीच ठरलेले असते. त्यात जन्मावे लागते, सामील होता येत नाही.

या दोन कल्पनांतला फरक तुम्हाला फुटबॉलच्या मैदानावर रोज दिसतो. परगावचा, परप्रांतातला, अगदी परदेशातला खेळाडू आला आणि त्याने तुमच्या तालमीची जर्सी घातली की त्याच्या गोलवर सगळी पेठ नाचते. त्याचा आजा कुठला, हे शाहू स्टेडियममध्ये कुणी विचारत नाही. आणि पेठापेठांतली ईर्षा कितीही टोकाची असली तरी शिट्टी पंचाच्या हातात असते. रक्तावर उभ्या राहिलेल्या राष्ट्रवादात जर्सी मिळत नाही आणि पंचही नसतो.

१८ जानेवारी १८७१ ला फ्रान्सला हरवून जर्मन साम्राज्याची घोषणा झाली ती मुद्दाम व्हर्सायच्या आरसेमहालात, फ्रेंचांच्या नाकावर टिच्चून. २८ जून १९१९ ला हरलेल्या जर्मनीकडून तहावर सही घेतली गेली, तीही त्याच महालात, मुद्दामच. अपमान, परतफेड, पुन्हा अपमान. हिटलर १९३३ मध्ये सत्तेवर आला तो या अपमानाची आठवण रोज ताजी ठेवून. पुढे साठ लाख ज्यूंचा संहार झाला. त्यांच्यात असेही होते ज्यांनी पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी रक्त सांडले होते. सुमारे एक लाख ज्यू जर्मन सैन्यात होते आणि त्यातले बारा हजार रणात पडले. निष्ठेचा याहून मोठा पुरावा माणूस देणार तरी काय? तो कुणी विचारात घेतला नाही, कारण परका कोण हे आधीच ठरून गेले होते.

त्या पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर घडलेली एक घटना सांगते. फ्रान्सचे समाजवादी पुढारी जाँ जोरेस युद्ध टाळण्यासाठी दोन्ही देशांतल्या कामगारांना हाका घालत होते. त्यांच्या देशातले राष्ट्रवादी त्यांना गद्दार म्हणू लागले. ३१ जुलै १९१४ च्या संध्याकाळी पॅरिसच्या एका कॅफेत जेवत असताना एका राष्ट्रवादी तरुणाने त्यांना गोळी घातली. तीन दिवसांत युद्ध आले. १९१९ मध्ये खटला चालला तेव्हा फ्रान्स जिंकलेला होता. मारेकरी निर्दोष सुटला आणि खटल्याचा खर्च जोरेस यांच्या विधवेने भरावा असा हुकूम झाला. दरम्यान लाखो फ्रेंच पोरे खंदकांत कुजून गेली होती. आपलीही गेली. सुमारे तेरा लाख हिंदी सैनिक त्या युद्धात गेले, सत्तर हजारांहून अधिक परत आले नाहीत आणि मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मराठा पलटणींनी काय सोसले हे आपल्या भागातल्या घराघरांत एकेकाळी ठाऊक होते. युरोपातल्या राष्ट्रांच्या ईर्षेत आपला काय संबंध होता?

याच्याही पुढचे पाऊल १९२३ चे. ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी करार करून माणसांची अदलाबदल केली. तुर्कस्तानातल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांनी ग्रीसला जायचे, ग्रीसमधल्या मुसलमानांनी तुर्कस्तानला. पंधरा लाखांच्या आसपास माणसे उखडली गेली. कोण ग्रीक आणि कोण तुर्क हे धर्मावरून ठरले. त्यामुळे अनातोलियातले तुर्की बोलणारे ख्रिश्चन, ज्यांना ग्रीक समजतही नव्हते, ते ग्रीक ठरून ग्रीसच्या बंदरात उतरवले गेले. तिथे त्यांच्या तोंडची तुर्की ऐकून लोक त्यांना तुर्क म्हणत. आणि क्रीट बेटावरचे ग्रीक बोलणारे मुसलमान तुर्क ठरून तिकडे गेले, तिथे त्यांची भाषा परकी झाली. दोन्ही राष्ट्रे कागदावर शुद्ध झाली.

आता हीच फूटपट्टी कोल्हापुरावर ठेवा. मोहरमला आपल्या कितीतरी तालमींत पंजे बसतात आणि ते बसवणारे, त्यांची सेवा करणारे हिंदूच असतात. बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती आहे. कुरुंदवाडात मशिदींत गणपती बसतो. संगीतसम्राट अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी आले आणि इथलेच झाले. इथल्या मुसलमानाच्या तोंडची मराठी पुण्याच्या माणसाला कळणार नाही इतकी कोल्हापुरी असते. यातले कुठले माप कुठल्या ढिगात टाकायचे?

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती एका वेगळ्या गोष्टीची, आणि तिच्यासाठी तुम्हाला आग्नेय युरोपातल्या कोसोवोला न्यायला हवे. १३८९ मध्ये तिथे सर्बियाचा राजा लाझार आणि ऑटोमन सुलतान मुराद यांची लढाई झाली. दोघेही त्या दिवशी मेले. लढाईनंतर लाझारच्या मुलीचे लग्न नव्या सुलतानाशी झाले आणि लाझारचा मुलगा स्टेफान पुढे कित्येक वर्षे त्याच सुलतानाच्या बाजूने तलवार घेऊन लढला. मध्ययुग असेच होते, आपल्या सुर्वे-दळवींसारखे. पण एकोणिसाव्या शतकात सर्ब राष्ट्रवाद घडला तेव्हा लग्न आणि चाकरी गळून पडली आणि उरली फक्त ख्रिश्चन विरुद्ध मुसलमान अशी लढाई. १९८० च्या दशकाच्या शेवटी, सर्बिया ज्याचा भाग होता तो युगोस्लाव्हिया महागाई आणि बेकारीने खिळखिळा होत असताना, लाझारच्या अस्थी सर्बांच्या गावोगावी फिरवण्यात आल्या. २८ जून १९८९ ला लढाईच्या सहाशेव्या स्मृतिदिनी सर्बियाचा नेता मिलोसेविच याने त्या मैदानावर लाखोंच्या गर्दीपुढे भाषण केले आणि सशस्त्र लढाया पुन्हा येऊ शकतात असे सूचित केले.

तीन वर्षांत युगोस्लाव्हियातलाच बोस्निया पेटला. साराजेव्हो हे मिसळून राहणाऱ्या माणसांचे शहर. एका गल्लीत मशीद, चर्च आणि ज्यूंचे प्रार्थनास्थळ, घराघरांत मिश्र लग्ने. ते शहर जवळजवळ चार वर्षे वेढ्यात राहिले. डोंगरावरून तोफा डागणाऱ्यांत त्याच शहरात वाढलेलेही होते. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनिका येथे आठ हजारांवर बोस्नियन मुसलमान पुरुष आणि मुलगे काही दिवसांत मारले गेले. मारणाऱ्या सेनापतीने गावात शिरताना कॅमेऱ्यासमोर सांगितले की तुर्कांचा सूड घ्यायची वेळ आली आहे. समोर तुर्क नव्हतेच. समोर शेजारी होते, त्यांचीच भाषा बोलणारे.

राजांची लढाई शेजाऱ्यांच्या गळ्यात घालायची, हे आधुनिक राष्ट्रवादाचे सगळ्यात घातक काम आहे. औरंगजेब १७०७ मध्ये मेला. त्याच्याशी लढलेल्या ताराराणींनी ही कोल्हापूरची गादी स्थापन केली. त्या लढ्याचा हिशेब त्यांनीच पुरा केला. लक्ष्मीपुरीतल्या फळवाल्याकडे त्यातले काहीही बाकी नाही. औरंगजेबाचा फोटो स्टेटसला ठेवणाऱ्या पोरालाही मी हेच सांगेन, कारण तोही त्याच खेळात ओढला गेला आहे. आपला पूर्वज म्हणून त्याने ज्याला निवडले, त्या बादशहाने त्याच्या विणकर किंवा कसाई पणजोबाकडे ढुंकून पाहिले नसते.

राष्ट्रप्रेमाची दोन्ही तोंडे आपल्या गावाने सहा वर्षांच्या आत पाहिली आहेत. ज्या शिवाजी चौकात तुम्ही जमता तिथे पूर्वी गव्हर्नर विल्सनचा पुतळा होता. १९४२ च्या चळवळीत बायकांनी त्याच्यावर हल्ला केला, पुढे तो फोडला गेला आणि १९४५ मध्ये बाबूराव पेंटरांनी घडवलेला महाराजांचा अर्धपुतळा तिथे उभा राहिला. त्यात कुणा शेजाऱ्याच्या केसालाही धक्का लागला नाही. साम्राज्याच्या सत्तेला थेट आव्हान होते ते. आणि १९४८ च्या जानेवारीत गांधीजींचा खून झाल्यावर याच गावात राष्ट्रपित्याच्या नावाने ब्राह्मणांची घरे जळाली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला, जिथे शिवकाळ पडद्यावर उभा राहत असे. दुःख खरे होते, संताप खरा होता. पण ज्यांच्या घरांना आगी लागल्या त्यांनी गोळी झाडली नव्हती. एकाच्या गुन्ह्यासाठी जातीला, गल्लीला, मोहल्ल्याला धरायचे हे तेव्हाही झाले आणि २०२३ मध्येही.

सीमाभागाबद्दलही बोलते, नाहीतर मी फक्त धर्माचेच बोलले असे होईल. बेळगाव, निपाणीच्या मराठी माणसाला आपल्या भाषेत शिकता यावे, सरकारी कागद आपल्या भाषेत मिळावा, ही मागणी न्याय्य आहे आणि मी तिच्या बाजूने आहे. पण वातावरण तापले की पहिला दगड एसटीवर पडतो. तिकडे आपल्या गाडीला काळे फासले की इकडे त्यांच्या गाडीला आणि मग दोन्हीकडच्या फेऱ्या बंद. स्टँडवर अडकून पडतात ती कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात दाखवायला निघालेली निपाणीची म्हातारी आणि बेळगावला माहेरी जाणारी लेकुरवाळी. कोल्हापुरी चपलेचे भौगोलिक मानांकन २०१९ मध्ये मिळाले तेव्हा त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे एकत्र आले, कारण चामडे कमावणारे आणि शिवणारे हात सीमेच्या दोन्ही बाजूंना तेच आहेत. त्या कारागिराला आज मजुरी काय मिळते, हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या घोषणांत येत नाही.

आपल्याकडे राष्ट्राचा विचार यापेक्षा खोल झाला आहे आणि तो बिंदू चौकात उभा आहे. महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने तिथे बसले ते १९५० मध्ये, बाबासाहेब हयात असताना. एकमय लोक झाल्याशिवाय राष्ट्र होत नाही, असे जोतीराव म्हणत. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी विचारले की, हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होतील. बंधुता नसेल तर समता आणि स्वातंत्र्य वरवरचे रंग ठरतील, असा त्यांचा इशारा होता. म्हणजे त्यांच्या लेखी राष्ट्र हे मागे कुठेतरी तयार होऊन गेलेले नव्हते, ते अजून घडवायचे होते. शाहू महाराजांनी ते विटामातीने घडवले. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानलेल्या जाती, प्रत्येकाच्या पोरांसाठी बोर्डिंग. राष्ट्राच्या नावाने लिहिणारी त्या काळची वजनदार वृत्तपत्रे वेदोक्त प्रकरणात, म्हणजे महाराजांना वेदमंत्रांनी विधी करण्याचा अधिकार नाकारला गेला त्या वादात, महाराजांच्या विरोधात गेली होती, हेही लक्षात ठेवा. ६ मे २०२२ ला त्यांच्या स्मृतिशताब्दीला अख्खे कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी उभे राहिले. त्यात तुमच्या तालमी पुढे होत्या.

आता माझ्या मागण्या. यंदाच्या देखाव्यात पावनखिंड करणार असाल तर पुरी करा. सिद्दी हिलाल आणि त्याचा मुलगा दाखवा, शिवा काशीद दाखवा, विशाळगडाखाली वाट अडवणारे सुर्वे आणि दळवीही दाखवा. संहिता हवी असेल तर मी लिहून देईन, संध्याकाळी केव्हाही निरोप पाठवा. ध्वनिमुद्रणातला आवाज भारदस्त असावा एवढे तुम्ही पाहा, तपशील मी पाहते.

मोहिमेला निघाल तेव्हा गजापूर गावात थांबा. ज्यांची घरे फुटली त्यांच्या अंगणात बसून चहा घ्या आणि कौलांचे, पत्र्यांचे, भांड्याकुंड्यांचे काही राहिले असेल तर ते विचारा. वर्गणीतला एक भाग तिकडे गेला तर कुठलाच वर्गणीदार हरकत घेणार नाही. घेतलीच तर त्याला माझ्याकडे पाठवा.

आणि यापुढे बंदचा मेसेज आला, की तो कुणी लिहिला हे कळल्याशिवाय त्याखाली तालमीचे नाव घालू नका. बाहेरून आलेल्या पुढाऱ्याला भाषण करून संध्याकाळी निघून जाता येते. खटले, तारखा आणि चारित्र्य प्रमाणपत्रावरचा शेरा तुमच्या पोरांच्या वाट्याला राहतो, आणि त्यापायी पोलीस भरतीची किंवा सैन्याची संधी गेली की ती परत येत नाही. आधी तालमीची बैठक घ्या. मोर्चा ज्या गल्लीवरून जाणार असेल त्या गल्लीतली चार जाणती माणसे त्या बैठकीला बोलवा. पंजांच्या वेळी तुम्ही ज्यांना बोलावता तीच ही माणसे, त्यांचे नंबर तुमच्या मोबाइलमध्ये आहेत.

तुमच्यातल्या अनेकांच्या बाई,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका,
मंगळवार पेठ, कोल्हापूर